नव्वद मिलिमीटर

जिप्सीबद्दल फौजेत दोन मतं कायम ऐकायला मिळतात. पहिलं, जिथे बकरी चढेल तिथे जिप्सी चढेल. दुसरं, वळणावर तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. दोन्ही मतं खरी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे: चाकं आणि चासी यांच्यामध्ये. गाडीखाली वाकून पाहिलं तर तिथे चार कमानपाटे, चार शॉकॲब्सॉर्बर आणि दोन आडवे ॲक्सल दिसतात. बाकी काही नाही.

मी ईएमईत गाड्यांचा मेकॅनिक म्हणून नोकरी केली. राजस्थान, जम्मू, लडाख, आसाम, जिथे पोस्टिंग झाली तिथे जिप्सी होतीच. आता पेन्शनीत आल्यावरही ती पाठ सोडत नाही. ओळखीचे माजी सैनिक आणि हौशी तरुण मुलं जुन्या जिप्सी घेऊन येतात. कित्येक गाड्या फौजेच्या लिलावातून आलेल्या असतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: "साहेब, गाडी रोडला धरत नाही. सस्पेन्शनचं काहीतरी करायचंय." त्यातल्या निम्म्यांनी काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं. गाडी दोन इंच उचलायची आणि एक पाटा वाढवायचा.

त्यांना मी आधी थोडा इतिहास सांगतो. कारण हाच प्रश्न खुद्द गाडी बनवणाऱ्यांपुढे होता, आणि १९९३ साली त्यांनी त्याचं उत्तर दिलं. ते उत्तर नव्वद मिलिमीटरचं होतं आणि उंचीत नव्हतं.

कमान आणि पाटा

आपल्याकडे स्प्रिंगला जुना शब्द कमान. घड्याळाची कमान, टांग्याची कमान. उत्तरेत अजूनही ट्रकचे पाटे दुरुस्त करणाऱ्याला 'कमानीवाला' म्हणतात आणि पाट्याला 'पत्ती'. नाव अगदी चपखल आहे, कारण ती वस्तू म्हणजे धनुष्यच. लंडनच्या ओबेडाया एलियट नावाच्या गाडीकाराने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. घोडागाडीखालच्या त्या पाट्यांचा वंश मग मोटारींत, ट्रकांत आणि आगगाडीच्या डब्यांखाली पसरला.

पाटा इतका टिकला, कारण तो एकटा तीन कामं करतो. वजन तोलतो. ॲक्सल जागेवर धरून ठेवतो, त्यासाठी वेगळे दांडे लागत नाहीत. आणि पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडीची उसळी थोडीफार आपोआप शमते. चौथा गुण फौजेसाठी सगळ्यात मोलाचा: तो तुटला तरी गावातला लोहारसुद्धा वेळ मारून नेऊ शकतो.

पण पाट्याचं गणित कडक आहे. त्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट. लांबी वाढली तर तो लांबीच्या घनाने उतरतो. पाट्यांची संख्या मात्र सरळ हिशेबाने चालते: सारख्याच पाच पाट्यांत सहावा घातला, तर ताठरपणा सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. गॅरेजमधला माणूस जेव्हा "जरा जाड पत्ती टाकतो" म्हणतो, तेव्हा तो किती मोठी उडी मारतोय हे बहुधा त्यालाही माहीत नसतं.

ताठरपणा आणि आराम यांचं नातं शास्त्र म्हणून तपासलं गेलं ते १९३०च्या दशकात. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनियर रोल्स-रॉइसमध्ये तयार झाला आणि मग अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. तिथे त्याने एका मोठ्या गाडीवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं बसवली आणि तीत बसून वेगवेगळ्या मांडण्या पारखल्या. त्यातून निघालेली एक गोष्ट आजही खरी आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. दोन्हीकडच्या स्प्रिंगा सारख्याच लयीत हलल्या तर गाडी समुद्रातल्या होडीसारखी पुढे-मागे डोलते. पुढची बाजू थोडी संथ आणि मागची थोडी चपळ ठेवली, तर मागची पुढचीला गाठते आणि गाडी सपाट चालते. पण पुढे सलग ॲक्सल असेल तर पुढच्या स्प्रिंगा फार मऊ करता येत नाहीत. मऊ केल्या की चाकं थरथरतात आणि स्टीअरिंग हातात नाचतं. म्हणून १९३४ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं.

फौजी गाड्यांनी तो रस्ता धरला नाही. १९४१ची विलीज जीप दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि पाटे घेऊनच आली. त्या जीपमध्येही बारकावा होता. ड्रायव्हर आणि त्याच्या सीटखालची पेट्रोलची टाकी, दोन्ही डावीकडे. म्हणून पुढची डावी कमान उजवीपेक्षा कडक ठेवली होती. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या, युद्धाच्या घाईत बनवलेल्या गाडीतही वजन कुठे बसतं ते पाहून पाटे ठरवले होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जीप, जोंगा, जिप्सी

स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि ती गाडी आपल्या पायदळाचा हातपाय झाली. १९६५च्या लढाईत खेमकरण भागात ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाडे टिपले, ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने. ती तोफ सुमारे दोनशे किलोची. शिवाय दारूगोळा, शिवाय माणसं. उसाच्या आणि कपाशीच्या शेतांतून हा सगळा भार त्या पाट्यांवर उभा राहून पळत होता. परमवीरचक्राची ती कहाणी आपण छाती फुगवून सांगतो. मेकॅनिकच्या नजरेने त्यातली जीपही पाहावी, असं मला नेहमी वाटतं.

जीपनंतर जोंगा. निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेली, सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटर इंजिनची भारदस्त गाडी. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. जोंगा चालवलेले उस्ताद अजून तिची आठवण काढतात, कारण ती जड होती आणि रस्त्यावर ठाण मांडून बसायची. तिच्याही खाली पाटेच.

मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आणली, तेव्हा या जुन्या खोडांना ती खेळण्यासारखी वाटली. ९७० सीसीचं इंजिन, अंगाने हलकी, वजन टनाच्या आतबाहेर. मूळ गाडी जपानमधली सुझुकी जिम्नी. तिचा वंश १९७० सालच्या ३५९ सीसीच्या एका चिमुकल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीपर्यंत जातो. जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमांत ती बसवायची होती, म्हणून जन्मतःच अरुंद. पुढे इंजिन वाढलं, अंग वाढलं. आखूड जिम्नीचा व्हीलबेस २०३० मिलिमीटर होता, आपल्या जिप्सीचा २३७५. म्हणजे मागे माणसं आणि सामान बसावं म्हणून गाडी एक फुटाहून जास्त लांब झाली. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर मात्र पुढे १२१० मिलिमीटरच्या आसपासच राहिलं. चार फूटसुद्धा नाही.

हलकेपणाने जिप्सीने फौज जिंकली. रेतीत ती रुतत नाही, आणि रुतली तर चार जवान उचलून बाहेर काढतात. अरुंद पुलावरून, दरडीच्या कडेने, धान्याच्या बांधावरून ती निघून जाते. जोंगा जिथे थांबायची तिथून जिप्सी पुढे जायची. पण हाच हलका, अरुंद, उंच बांधा डांबरी घाटात वेग आला की अंगावर यायचा.

अमेरिकेतला गोंधळ आणि आपली वाइडट्रॅक

याच कुळातली गाडी अमेरिकेत सामुराई या नावाने विकली जात होती, मोठं इंजिन आणि रुंद ॲक्सल घेऊन. १९८८ मध्ये तिथल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने अचानक वळवण्याच्या चाचणीत ती पलटी होण्याच्या बेतात येते असं दाखवलं आणि गाडीला 'अस्वीकारार्ह' शेरा दिला. विक्री कोसळली. चाचणी मुद्दाम तशी घडवून आणली, असा आरोप करत सुझुकीने १९९६ मध्ये खटला भरला, आणि २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला. कोण बरोबर यावर आजही लोक हातघाईवर येतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. उंच आणि अरुंद गाडीच्या पलटण्याचा प्रश्न तोवर ड्रायव्हरच्या माथी मारला जायचा. तो आता गाडीच्या मापांचा प्रश्न म्हणून चर्चेत आला.

आपल्याकडे जुलै १९९३ मध्ये जिप्सी वाइडट्रॅक आली. पुढच्या चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर झालं आणि मागचं १३१०. दोन्हीकडे नव्वदची वाढ. प्रत्येक चाक ४५ मिलिमीटर बाहेर सरकलं, म्हणजे जेमतेम तीन बोटं. चाकांवरचे पंखे रुंद झाले आणि गाडी पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. इंजिन तेच होतं, पाट्यांची जातही तीच. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आलं आणि २००० मध्ये ८० अश्वशक्तीचं, सोळा व्हॉल्व्हचं. लोकांच्या तोंडी जिप्सी किंगची ताकद राहिली. माझ्या मते त्या गाडीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल १९९३चाच. आधी पाया रुंद झाला, मग ताकद वाढली. हा क्रम उलटा असता तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

रुंदीने सगळंच सुधारतं असंही नाही. वळणावर बॉडी किती झुकते हे मुख्यतः पाट्यांचा ताठरपणा आणि डाव्या-उजव्या पाट्यांमधलं अंतर यांवर ठरतं. चाकं बाहेर सरकवली म्हणून झुकणं आपोआप जात नाही. आतलं चाक जमीन सोडतं का, हे मात्र चाकांमधल्या अंतरावर ठरतं. म्हणून वाइडट्रॅक झुकायची, पण झुकूनही जमिनीला चिकटून राहायची. झुकणं आणि उलटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सस्पेन्शन बदलायला निघालेला माणूस बहुतेकदा पहिलीवर उपाय करतो आणि दुसरी वाढवून ठेवतो.

हिशेब

आता तो हिशेब, जो मी खडूने फरशीवर मांडून दाखवतो. गाडी उलटण्याला किती विरोध करेल याचं ढोबळ माप असं: चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. गुरुत्वमध्य म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येईल तो बिंदू. समजा तो जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे.

जुनी अरुंद जिप्सी: १२१० भागिले १३००, म्हणजे ०.९३.

वाइडट्रॅक: १३०० भागिले १३००, म्हणजे बरोबर १.

आता वाइडट्रॅक घ्या आणि तिचा सगळा भार दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर वर न्या. उंची झाली ७००. १३०० भागिले १४००. उत्तर पुन्हा ०.९३.

कंपनीने नवीन ॲक्सल बनवून जे कमावलं, ते दोन इंचांच्या उंचीने परत दिलं. स्प्रिंगा उंच केल्या तर ॲक्सल आणि चाकं खालीच राहतात, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा यापेक्षा थोडा कमी असतो. पण उंच स्प्रिंगांच्या जोडीला मोठे टायरही आले, तर ॲक्सलही वर येतात आणि सूट संपते. १९९६ची जिप्सी दारात उभी असते, पण वळणावर ती १९८५ची होऊन जाते. त्यात इंजिन मात्र जास्त ताकदीचं.

पोरं विचारतात, मग रॅलीवाले कसे पळवतात? १९९९ पासून रेड द हिमालय होत आली. बर्फ, नाले आणि दगडांतून जाणाऱ्या त्या शर्यतीत वर्षानुवर्षं जिप्सीच जास्त दिसायची. पण रॅलीची गाडी नीट पाहा. तिचा सगळा खर्च शॉकॲब्सॉर्बरवर, पाट्यांच्या मोकळ्या हालचालीवर आणि टायरवर असतो. फालतू वजन उतरवलेलं असतं, आत पोलादी पिंजरा असतो आणि माणसं पट्ट्यांनी जखडलेली असतात. बाजारातल्या उचललेल्या गाड्यांत यातलं एकही नसतं. छतावर कॅरियर, कॅरियरवर स्टेपनी आणि मागे चार मित्र असतात.

फौजेचं वजन

फौजेतली जिप्सी रिकामी क्वचितच धावते. तिची क्षमता पाचशे किलोची धरलेली, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मी. मोठ्या ट्रकला पाचशे किलो जाणवतही नाहीत. जिप्सीचा मात्र स्वभावच बदलतो. रिकामी असताना पाटे ताठ आणि गाडी चेंडूसारखी उडते. भरल्यावर तीच गाडी संथ, जड आणि मागे बसलेली.

काश्मीरच्या बाजूला पोलादी पत्रे चढवलेल्या बुलेटप्रूफ जिप्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पुढचा हिशेब पटेल. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतं. दारं, बाजू आणि पाठ मिळून सहा चौरस मीटर झाकले तर २८० किलो. आणि हे वजन खाली चासीजवळ नसतं. माणसाची छाती आणि डोकं वाचवायचं असतं, म्हणून ते त्याच उंचीवर लागतं. गोळी अडवायची तर पत्रा हवाच, त्यावर वाद नाही. पण तो पत्रा गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, आणि घाटातल्या वळणाला शत्रू कोण आणि मित्र कोण हे कळत नाही.

अशा वेळी पाटा वाढवणं हा साहजिक उपाय. गाडी खाली बसली होती, ती वर आली. पण शॉकॲब्सॉर्बर तेच राहिले तर काय होतं? शॉकॲब्सॉर्बरचं काम उसळी शमवणं. वजन वाढलं, पाट्यांचा ताठरपणा वाढला, की शमवायची ताकदही वाढावी लागते. ती वाढली नाही तर गाडी एका खड्ड्यानंतर जास्त वेळा हिंदकळते. हिंदकळताना टायर जमिनीवर कधी दाबून तर कधी हलका असतो, आणि हलका असेल त्या क्षणी ना ब्रेक लागतो ना स्टीअरिंग.

फक्त मागे पाटा वाढवला तर आणखी एक गोष्ट होते. वळणावर झुकणाऱ्या गाडीचा भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जातो. जी बाजू जास्त ताठ, तिथे हे जास्त होतं आणि तिथले टायर आधी पकड सोडतात. मागची बाजू ताठ म्हणजे शेपूट आधी घसरणार. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर हे घडलं तर सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

म्हणून फौजेत गाडीत हवा तसा बदल करायला युनिटला मोकळीक नसते. ईएमईच्या तांत्रिक सूचना असतात, बदल मंजूर होऊन येतात. तरुणपणी ही शिस्त आम्हाला जाचक वाटायची. "साहेब, एक पत्तीच तर टाकायचीय," असं आम्हीही म्हणायचो. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था फौजी वाहनांवरच काम करते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जवानांनी तिची फाटकं फक्त बाहेरून पाहिली आहेत. आत जे चालतं त्याचा मथितार्थ साधा आहे: गाडीचा एक भाग बदलला की बाकीचे भाग त्याला मानतात का, हे आधी मोजून पाहायचं.

रेतीत आणि बर्फात

राजस्थानात मी पहिला धडा शॉकॲब्सॉर्बरचा शिकलो. तिथले कच्चे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे असतात, एका मागोमाग एक बारीक लाटा. अर्धा तास त्यावर गाडी पळवली की शॉकॲब्सॉर्बरला हात लावता येत नाही. आतलं तेल तापून पातळ होतं आणि पकड जाते. सकाळी शहाण्यासारखी चालणारी गाडी दुपारी त्याच रस्त्यावर तिरकी सरकायला लागते. ड्रायव्हर म्हणतो पाटे गेले. पाटे ठीक असतात. गाडी थांबवून अर्धा तास थंड होऊ द्यायची आणि वेग उतरवायचा, एवढाच इलाज.

लडाखमध्ये उलटं. पहाटे तापमान शून्याच्या खूप खाली, तेल घट्ट, ग्रीस घट्ट. पहिले काही किलोमीटर गाडी लाकडी फळीवर बसवल्यासारखी चालते. त्या वेळी कोणी सस्पेन्शनवर मत देऊ नये.

दोन्हीकडे गाडी तीच, पाटेही तेच. म्हणून जो दुकानदार छातीठोक सांगतो की हा एक सेट लावा आणि सगळीकडे पळा, त्याच्याकडून मी काही घेत नाही.

जुनी जिप्सी हाती आली तर

आता कामाचं. वीस-पंचवीस वर्षांची जिप्सी रस्ता धरत नसेल, तर दहातल्या आठ वेळा तिला नवीन काही नको असतं. जे होतं ते परत हवं असतं. माझा क्रम असा.

आधी टायर: सारखा आकार, सारखी झीज, योग्य हवा. मग रबरी बुश. पाट्यांच्या दोन्ही टोकांना आणि शॅकलमध्ये बुश असतात. ते झिजले की ॲक्सल स्वतःच थोडा वळतो आणि गाडी न सांगता दिशा बदलते. मग यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट. यू-बोल्ट ढिले असतील तर सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला की ॲक्सल जागेवरून सरकतो. मग पुढचे किंगपिन बेअरिंग, स्टीअरिंगचे जोड, चाकांचे बेअरिंग. एवढं झाल्यावर चारही शॉकॲब्सॉर्बर एकदम नवे, आणि ते चांगल्या जातीचे. इथपर्यंत आलेले बहुतेक लोक पुढे काही मागत नाहीत.

पाटे खरंच बसले असतील तर नवे घ्यावेत. लोहाराकडून तापवून पुन्हा बाक देऊन घेतलेले पाटे स्वस्त पडतात. पण तापवल्यावर त्याला नीट पाणी दिलं नाही तर पोलादाचा मूळ गुण जातो. पाटा लवकर परत बसतो किंवा तुटतो. कमी पाट्यांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा पॅराबोलिक सेट हा चांगला बदल आहे. घासणं कमी, हालचाल मोकळी. पण घासणं कमी झालं म्हणजे उसळी शमवण्याचं सगळं काम शॉकॲब्सॉर्बरवर आलं, हे विसरायचं नाही.

लांब शॅकल लावून गाडी उचलू नका. पुढच्या ॲक्सलचा कोन फिरतो, वळणानंतर स्टीअरिंग सरळ यायची ओढ कमी होते आणि गाडी हायवेवर भरकटते. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर नेऊन गाडी एकदम उंच करण्याची एक पद्धत आहे. त्यात प्रोपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकचे पाइप, स्टीअरिंगचे दांडे, सगळंच नव्याने जुळवावं लागतं. दगडांतून गोगलगायीसारखं चढणाऱ्यांचा तो खेळ आहे. मुलांना शाळेत सोडायच्या गाडीचं ते काम नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी हे कलम आठवणीने वाचते.

जपानमध्ये जिम्नीने पाटे सोडून कॉइल स्प्रिंगा घेतल्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आपली जिप्सी शेवटपर्यंत पाट्यांवरच राहिली. फौजेने २०१७ मध्ये आठशे किलो क्षमतेच्या टाटा सफारी स्टॉर्मची मागणी नोंदवली, ती जिप्सीपेक्षा मोठी, जड गाडी. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी भारतात आली. तिच्या पुढे-मागे सलग ॲक्सल आहेत, पण खाली कॉइल. जिप्सी चालवलेल्या माणसाने ती वळणावर नेली की तो दोन-तीन वेळा पाय ब्रेककडे नेतो, आणि मग सवयीने नेलेला पाय मागे घेतो.

तरी जुन्या जिप्सी रस्त्यावर राहणार आहेत, आणि त्या आपल्यासारख्यांच्याच घरी राहणार आहेत. म्हणून एक छोटं काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा. चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून पंख्याच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. मग नेहमी जेवढी माणसं आणि सामान असतं तेवढं भरून पुन्हा मोजा. डावी-उजवी बाजू सारखी आहे का, मागची किती खाली बसते, हे त्या आठ आकड्यांत दिसेल. मेकॅनिककडे ते आठ आकडे घेऊन जा. तो मोजमाप न पाहताच "दोन इंच उचलू" म्हणाला, तर चहा घ्या आणि दुसरं गॅरेज शोधा.